आठवड्यातले दोन तास मुलांना बाहेर द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, सोलापूर
मा. प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण, सोलापूर महानगरपालिका
तसेच जिल्ह्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्या

सादर नमस्कार.

मागणी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पत्र पुढं वाचायचं की नाही हे आपल्याला ठरवता येईल. पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून सलग दोन तास वर्गाबाहेर गणित आणि परिसर अभ्यास शिकायला मिळावा, असं एक परिपत्रक आपण काढावं. शाळेचं मैदान, गावचा ओढा, शेजारचं रान, माळ, शहरात असेल तर तलावाचा काठ किंवा रस्त्याकडेचा कडुनिंब, यातलं काहीही चालेल. हे दोन तास वेळापत्रकात तासिका म्हणूनच लिहिलेले असावेत. त्यांना सहल किंवा उपक्रम म्हणू नये. त्यासाठी आम्हाला निधी नको, साहित्याची पेटी नको, प्रशिक्षणाचे तीन दिवसही नकोत.

मी उत्तर सोलापूर तालुक्यात लहान मुलांना शिकवते. पहिली-दुसरी हे माझे आवडते वर्ग. या वयात मूल जे हातात धरतं, तेच त्याच्या डोक्यात राहतं, हे काही मी नव्यानं सांगायला नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर वेगळा काढला आहे तो याच विचारानं, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यातही खेळ, हाताळणी आणि परिसर यांवरच भर आहे. कागदावर सगळं आहे. तरीही शिक्षिका मुलांना घेऊन फाटकाबाहेर पडली की कुणी तरी विचारतंच, ‘आज शिकवणं नाही वाटतं?’ हा प्रश्न कायमचा थांबवण्याचं बळ आपल्या सहीत आहे.

बाहेर नेमकं काय शिकवणार, हे आपण विचाराल. विचारायलाच हवं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करायची आणि तिच्या सावलीच्या टोकाला दर अर्ध्या तासानं एक खडा ठेवायचा. पहिलीच्या मुलांसाठी एवढं पुरे. सावली सरकते, आखडते, पुन्हा लांबते, हे खडेच त्यांना सांगतात. तिसरी-चौथीची मुलं फूटपट्टी घेऊन बसतात आणि त्यांना एक गोष्ट खटकते. घड्याळात बारा वाजले तरी सावली सगळ्यात आखूड झालेली नसते. ती होते साधारण साडेबाराच्या आसपास. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सोलापूर ७५.९ अंशांवर, त्याच्या बरंच पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली की फरक निघतो सव्वीस मिनिटांचा. (वर्षभरात तो थोडा मागंपुढं होतो, पण ते पुढच्या इयत्तांचं काम.) भागाकार, गुणाकार, भूगोल, सगळं त्या काठीपाशी येतं.

हीच काठी वर्षभर ठेवली तर आणखी मोठी गोष्ट दिसते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगांतून ऊन पडलंच, तर माध्यान्हीची सावली जेमतेम दहा सेंटिमीटर असते आणि ती दक्षिणेला पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली सत्त्याऐंशी सेंटिमीटर होते आणि उत्तरेला पडते. मधे दोनदा ती पूर्ण गायब होते: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मे महिन्यात शाळा बंद असते, ऑगस्टमध्ये ढगांवर भरवसा नसतो. पण ऑगस्टमध्ये पाच मिनिटं जरी ऊन मिळालं, तरी आपल्या पायाखाली नाहीशी झालेली सावली मूल जन्मभर विसरणार नाही. हे दृश्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांनाच मिळतं, दिल्लीच्या मुलांना ते कधीच दिसत नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला ते फुकट आलेलं असताना ती तेव्हा वर्गात बसून ‘दिवस-रात्र कशी होते’ याचं उत्तर फळ्यावरून उतरवत असतात.

आता पाऊस. सोलापूरला पावसाची किंमत कुणी शिकवायची गरज नाही. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. पण मिलिमीटर म्हणजे काय, हे मोठ्या माणसांनाही विचारून पाहा. पाण्याची प्लास्टिकची बाटली गळ्याखाली कापायची आणि वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. या बाटल्यांचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी वाळू आणि खडे घालून, जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. दुसरीच्या मुलांनी ते बनवलं, रोज सकाळी परिपाठानंतर वाचलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात चौकोन रंगवले. स्तंभालेख हा शब्द त्यांना अजून माहीत नाही, पण उंच खांब म्हणजे जास्त पाऊस हे त्यांना दुरून दिसतं.

चौथीच्या मुलांना त्याच आकड्यावरून पुढं नेता येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेची एक खोली, सहा मीटर बाय आठ मीटर, म्हणजे स्लॅब अठ्ठेचाळीस चौरस मीटर. एका रात्री दहा मिलिमीटर पडला तर छतावरून वाहून गेलं ४८० लिटर. वर्षाचा साडेपाचशे धरला तर २६,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकरपेक्षा जास्त, आणि तेही एकाच खोलीच्या छतावरचं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या दहा वर्षांच्या मुलानं हा हिशेब स्वतः मांडला, तर घरी जाऊन ते आई-वडिलांना काय विचारेल, याचा विचार करा. पाठ्यपुस्तकातल्या ‘पाणी वाचवा’ या घोषणेनं हे होत नाही.

माती तर आपल्याकडं दोन पावलांवर बदलते. खाली काळी, वर टेकाडाला मुरमाड. दोन बाटल्यांची तोंडं फडक्यानं बांधून एकीत काळी माती, दुसरीत मुरूम भरायचा, दोन्हीत सारखंच पाणी ओतायचं आणि खालच्या पेल्यात किती उतरतं ते बघायचं. मुरमातून पाणी भराभर जातं, काळी माती ते धरून ठेवते. पाऊस संपल्यावर, थंडीत, वरून फारसं पाणी न मिळता रब्बीची ज्वारी कशी उभी राहते, याचं उत्तर त्या दोन पेल्यांत असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी हीच माती आहे. हुरडा सगळ्या मुलांनी खाल्लेला असतो. पण एका कणसात दाणे किती, असा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. आधी अंदाज सांगायचा, मग कणसाचे तुरे सुटे करायचे, एका तुऱ्यातले दाणे दहा-दहाच्या ढिगात मांडायचे आणि तुऱ्यांच्या संख्येनं गुणायचं. पहिलीचं मूल ढीग मांडतं, चौथीचं गुणाकार करतं. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. शाळेच्या वर्षात अख्खं पीक बसतं.

पाढ्यांचंही सांगते. चिंचेचं पान हातात घ्या. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पर्णिका जोडीजोडीनं असतात. मुलं एकेका जोडीवर बोट ठेवत बेचा पाढा म्हणतात आणि पान संपतं तिथं त्यांचं उत्तर येतं. लहान पान, मोठं पान, कुणाचं उत्तर जास्त? संध्याकाळी त्याच पर्णिका मिटतात, हे घरी पाहून यायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्यांची झुंबड उडते.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा, कारण विज्ञान आणि तंत्रज्ञान या शब्दांना घाबरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तो उपयोगी पडेल. आमच्याकडच्या माळावर कुसळी गवत भरपूर. पावसाळ्यानंतर त्यातून चाललं की कपड्यांना, मोज्यांना कुसळं लागतात आणि टोचतात. मुलं वैतागून ती काढत होती. मी म्हटलं, टाकू नका. एका मुलीला तळहात ओला करायला सांगितला आणि एक कुसळ त्यावर ठेवलं. पुढं टोकदार बी, मागं काळपट, पिळलेली, मधेच वाकलेली शेपटी. थोडा वेळ काही झालं नाही. मग ती शेपटी हलली आणि सावकाश गोल फिरायला लागली. मुलीनं हात झटकला नाही, श्वासही रोखून धरला असावा. ‘बाई, हे जिवंत आहे का?’ दुसरा म्हणाला, ‘ह्याला सेल कुठं बसवलाय?’ तिसऱ्यानं न सांगता फेरे मोजायला सुरुवात केली.

शेपटीतले पापुद्रे ओलाव्यानं सारखे फुगत नाहीत, म्हणून पीळ सुटतो, आणि वाळलं की पुन्हा पडतो. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्या जोरावर ते बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. मोटार नाही, वीज नाही, तरी काम होतं. ऊर्जा कुठून आली, गती कशी झाली, उपयोग काय, हे सगळे प्रश्न सात वर्षांच्या मुलांनी स्वतःहून विचारले. त्यांना यंत्र म्हणजे काय ते कळलं. यासाठी लागलं ते एक थेंब पाणी आणि माळावर जाण्याची मुभा.

तो माळही आपण जपायला हवा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आपल्या जिल्ह्यात आहे आणि माळढोकाचं दर्शन आज किती दुर्मीळ झालं आहे, हे आपण जाणता. काळवीट अजून दिसतात. सरकारदरबारी आणि गावातही माळाला पडीक म्हणायची सवय आहे. जी पोरं त्या माळावर गवताचे प्रकार मोजतील, ती मोठी झाल्यावर त्याला पडीक म्हणणार नाहीत, असा मला विश्वास आहे.

शहरातल्या शाळांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पूर्व भागातल्या कित्येक शाळांना मैदान म्हणून जेमतेम बोळ आहे. पण तिथल्या मुलांच्या घरात असं ज्ञान आहे जे इतरांकडं नाही. यंत्रमागावरच्या घरातलं मूल ताणा आणि बाणा, म्हणजे कापडाचे उभे आणि आडवे धागे, ओळखतं. अशा वर्गात सुगरणीचं गळून पडलेलं जुनं घरटं नेऊन पाहा (वापरातल्या घरट्याला अर्थात हात लावायचा नाही). गवताच्या, उसाच्या पानाच्या बारीक पट्ट्या एकमेकींतून ओवलेल्या, कुठं गाठ, कुठं नुसता वेढा. हे सगळं नर चोचीनं विणतो. मुलं आधी ते वजन करतात, मग आतली नळी किती बोटं लांब ते मोजतात, मग पट्ट्या सोडवून दहा-दहाच्या जुड्या बांधतात. आणि एखादा मुलगा म्हणतो, ‘आमच्या बापूंच्या मागावर ह्याच्यासारखं आडवं-उभं जातंय की.’

तिथून चादरीकडं जायला एकच पाऊल. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, निघते. जुन्या जेकार्डला पुठ्ठ्याचे पत्ते असतात: भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार यानं १८०४ च्या सुमारास हे तंत्र बसवलं आणि भोक आहे-नाही या दोनच खुणांवर सूचना लिहिण्याची तीच कल्पना पुढं गणनयंत्रांच्या पत्त्यांत गेली. चौकटीच्या वहीत मुलांनी पानाची किंवा फुलाची नक्षी काळ्या-पांढऱ्या चौकोनांत उतरवली आणि एकानं वाचून दाखवली, ‘काळा, काळा, पांढरा, काळा’, तर दुसऱ्यानं न बघता तशीच काढली, म्हणजे कोडिंगचा पहिला धडा झाला. संगणक कक्षाला कुलूप असलं तरी झाला.

तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे, असं कृपया समजू नका. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडचं काम जगापुढं नेलं, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार माढा तालुक्यात आणला. त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. फोनच्या कॅमेऱ्यानं मुंगीचे पाय मोठे करून पाहता येतात, कुसळाची गिरकी सावकाश पुन्हा पाहता येते. फक्त मुलानं आधी मुंगी बघावी आणि मग पडदा, एवढाच माझा आग्रह आहे. केगावच्या विज्ञान केंद्राची वर्षातून एक फेरीही जरूर व्हावी. पण वर्षातून एकदा आणि दर आठवड्याला यांत फार अंतर आहे.

आपल्यासमोरच्या अडचणी मी जाणून आहे. निपुण भारतचं उद्दिष्ट डोक्यावर आहे, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यायला हवी. त्यासाठी एकेक तास मोलाचा आहे, हे मान्य. पण अंदाज करणं, तुलना करणं, दहाचे गट पाडणं, मापणं, नोंद वाचणं हीच तर निपुणची कौशल्यं. वर लिहिलेल्या एकाही कामात ती सुटलेली नाहीत. भाषेचं तर मला विशेष सांगायचं आहे. ज्यांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात अशी मुलं वर्गात मराठीतून उत्तर द्यायला बिचकतात. हातात वस्तू असली, काही तरी घडताना दिसलं, की ती बोलतात. आधी घरच्या भाषेत, मग आमच्या. ते बोलणं झालं की दोन ओळी लिहूनही घेता येतात.

द्विशिक्षकी शाळांत दोन-दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. खोलीत ती अडचण असते. काठीच्या सावलीपाशी मात्र ती राहत नाही, कारण लहान खडा ठेवतो आणि मोठा मोजतो.

उन्हाचं म्हणाल, तर हे काम जून ते फेब्रुवारीचं आहे. मार्चपासून आपल्याकडं बाहेर थांबवत नाही आणि तेव्हा मी स्वतःच मुलांना सावलीत ठेवीन. खरी अडचण जबाबदारीची आहे. मूल पडलं, काटा लागला, गांधीलमाशी चावली तर शिक्षक एकटा पडतो, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते, आणि म्हणून चांगले चांगले शिक्षकही फाटक ओलांडत नाहीत. यावर तोडगा आपणच देऊ शकता. वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घ्यावी. शाळेपासून किती अंतरापर्यंत जायचं, ते व्यवस्थापन समितीनं ठरवावं. सोबत एक पालक किंवा अंगणवाडीताई असावी, प्रथमोपचाराची पिशवी असावी. आणि एवढं पाळून काही किरकोळ घडलं तर खुलासा मागवला जाणार नाही, हे परिपत्रकात स्पष्ट लिहावं. या एका वाक्याचा उपयोग दहा प्रशिक्षणांपेक्षा जास्त होईल.

दुसरी विनंती फोटोंची. या तासांचा अहवाल, लिंक, फोटो मागू नका. पंचवीस मुलं ओढ्याकाठी असताना शिक्षिकेचं लक्ष मुलांवर हवं, चौकटीत कोण येतंय यावर नको. पडताळणी हवीच असेल तर भेटीच्या दिवशी मुलांची पावसाची नोंदवही पाहा आणि त्यांना चार प्रश्न विचारा.

तिसरी विनंती आवाराची. नव्या कामांत शाळेचं पटांगण कडेपासून कडेपर्यंत पेव्हिंग ब्लॉकनं झाकण्याची पद्धत पडली आहे. चिखल होत नाही, दिसायला नीटनेटकं दिसतं, हे खरं. पण किमान एक गुंठा, ३३ फूट बाय ३३ फूट, उघडी माती प्रत्येक शाळेत राहू द्या. आणि वर्गखोलीसाठी झाड तोडायचा प्रस्ताव आला तर आधी नकाशा बदलता येतो का ते पाहायला सांगा.

यातलं काहीही परक्या देशातून आणलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडला नेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून त्या कुरणावरच शाळा घेऊन गेल्या. तिला कुरणशाळा म्हणत. बिया, पानं, खडे, शंख हीच तिथली साधनं. आज अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तोही त्याच कामातून आलेला आहे. महाराष्ट्राला ही वाट सापडून पाऊण शतक उलटलं आहे.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मृग त्याच्या आधीच, सात-आठ जूनला लागतं. परिपत्रक मे महिन्यातच निघालं, तर व्यवस्थापन समित्यांच्या बैठका पहिल्या आठवड्यात उरकतील, संमतीपत्रं दाखल्यांसोबतच भरून घेता येतील आणि पावसाची नोंद जूनपासून धरता येईल. परिपत्रकाचा मसुदा लिहून हवा असेल, तर आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या मदतीनं तो आठ दिवसांत आपल्याकडं पोचवते.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
उत्तर सोलापूर तालुका